भोक नळीएवढंच पाडू नका

मनगटी घड्याळाच्या केसमध्ये चावीची (किल्ली द्यायच्या गुंडीची) नळी बसवताना ‘नळीच्या मापाचंच भोक पाडा, बाकी लॉकटाइट (धातू चिकटवायचा गोंद) बघून घेईल’ असं काही जण सांगतात, ते मला अर्धंच पटतं. सैल नळी चिकटवायची असेल तर ठीक. दाबून बसवायची असेल तर भोक नळीपेक्षा ०.०१ ते ०.०२ मिमी लहानच हवं. ड्रिल बहुतेक वेळा मापापेक्षा जरा मोठंच भोक पाडतं, म्हणून आधी बारीक ड्रिल आणि मग रीमर (भोक नेमक्या मापाचं करणारं हत्यार). चिनी ड्रिलवर तर अजिबात विसंबू नका.

एक गोष्ट मात्र सहसा कुणी सांगत नाही. दाबताना नळी आतूनही आवळते. नळीची भिंत पातळ असली की स्टेम (चावीची आत जाणारी बारीक दांडी) घासतो आणि चावी जड फिरते. इथे इंदूरला राजवाड्याजवळ माझी कामं करून देणारे काका नळीत स्टीलची पिन घालूनच ती दाबतात, नंतर आतून हलका रीमर फिरवतात. भोकाची उंची मोजताना मशीन (घड्याळाची आतली यंत्रणा) केसमध्ये जिथे टेकतं तिथून मोजा, केसच्या तळापासून नको. आणि नळी धरताना चिमटा जपून वापरा. बऱ्याच चाव्यांमधली रबरी रिंग नळीच्या बाहेरच्या अंगावर सरकते, तिथे ओरखडा पडला की पाणी आत शिरतं.