प्रतिसाद: ती भूक पोटाची नसते
दिवसभर डाएट नीट आणि रात्री सिरीयल बघताना चिवड्याचा डबाच मांडीवर येतो असं वर लिहिलंय, त्याला +१. बऱ्याचदा ती भूक नसतेच हो, ऑफिसात साहेबांनी झापलेलं असतं नाहीतर घरात कुणाशी तरी वाजलेलं असतं. खरी भूक असली की गार पोळीभाजीही चालते, टेन्शनमध्ये मात्र फरसाणच पाहिजे! आणि पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचायला साधारण २० मिनिटं लागतात, तोवर आपलं ताट चाटूनपुसून झालेलं, वर परत भात. मी वाटीत काढून घेते आणि डबा माळ्यावर (नवऱ्याचाही हात पोचत नाही तिथे), मग शेंगदाणे खोबरं सावकाश चावत बसायचं, मोबाईल लांब. झोप कमी झाली तरी घ्रेलिन (भूक लावणारं हार्मोन) वाढून दुसऱ्या दिवशी खा खा सुटते, तेव्हा आधी रात्रीचे एपिसोड कमी करा बघू, भाकऱ्या नंतर मोजा.