सव्वाआठची लोकल बंद आणि झोपेचं खोबरं

डोंबिवलीकर४७ (१० ऑगस्ट २०२०)
मंडळी, हसू नका. बावीस वर्षं लोकलला शिव्या घातल्या. कोरोनामुळे २२ मार्चपासून ती बंद आहे आणि माझी झोप गेली आहे.

फोर्टात हिशेबाचं काम. आता तेच बेडरूममध्ये, पलंगावर, मांडीवर लॅपटॉप घेऊन. उठतो साडेनऊला, दहाला लॉगिन, आंघोळ कधी चारला, कधी नाहीच. चहा पाच-सहा कप. रात्री बातम्यांतले आकडे बघत दोन वाजतात, मग छातीत धडधड. ईसीजी नॉर्मल आला. बायकोवर उगाच खेकसतो, नंतर वाईट वाटतं.

काल दारामागची ऑफिसची बॅग काढली. पट्ट्याला हिरवट बुरशी, आतल्या कप्प्यात एप्रिलमध्ये संपलेला पास आणि टाळांची जोडी (आमच्या डब्यात भजन असायचं). तिथेच स्टुलावर बसून रडलो. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस. हे काय चाललंय? तुमच्यापैकी कोणाचं असं झालंय का?

बदलापूरची_माई
दादा, रडलात ते बरं केलंत. पण मला लोकलची अजिबात आठवण येत नाही हो! रोजचे साडेतीन तास वाचले. ते गेले कुठे विचारा: ओट्यापाशी. सासूबाईंचा चहा, मुलाची ऑनलाइन शाळा, दिवसातून चारदा भांडी. गाडीत निदान खिडकीशी बसून मटार सोलताना कोणी हाक मारत नव्हतं. लिहिता लिहिता कळतंय, म्हणजे मलाही येतेच आठवण.

गावठी_डॉक्टर
फॅमिली डॉक्टर आहे, नाशिककडे. सध्या रोज दोन-तीन जण हेच सांगतात. लोकल तुमच्याकडून नकळत बरंच काही करून घेत होती: ठरल्या वेळी उठणं, स्टेशनपर्यंत चालणं, सकाळचा उजेड डोळ्यांवर पडणं. शरीराचं घड्याळ त्या उजेडावर लागतं. पावसाळी आभाळ असलं तरी बाहेरचा उजेड ट्यूबलाइटच्या कितीतरी पट असतो.

एकच गोष्ट धरा. झोप कितीही वाजता लागो, उठायची वेळ बदलू नका. पलंगावरून लॅपटॉप हलवा, पलंग फक्त झोपेसाठी. चहा दुपारी दोननंतर नको. त्यातलं कॅफीन पाच-सहा तासांनीही निम्मं अंगात असतं. आकडे बघायचे तर दिवसा एकदा. दोन आठवड्यांत फरक पडला नाही, किंवा जगणं नकोसं वाटायला लागलं, तर मात्र थांबू नका, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. ईसीजी काढायला लाजला नाहीत ना? तसंच हे.

उपद्व्यापी
काका, पास संपलाय, टाळ नाही संपले. डब्यातल्या लोकांना फोन केलात का एकदा तरी?

डोंबिवलीकर४७ (२६ ऑगस्ट)
डॉक्टरसाहेब, साडेसहाचा गजर लावतोय. पहिले चार दिवस दुपारी डोकं ठणकलं, चहा तोडल्यामुळे असावं. मास्क लावून स्टेशनच्या पुलापर्यंत जाऊन येतो. अत्यावश्यक सेवेतले लोक ओळखपत्रं दाखवत आत जातात, मी बाहेरून सव्वाआठचा इंडिकेटर बघून परत. बायको म्हणते, वेड लागलंय. लागू दे. पलंगावरचं ऑफिस शिवणमशीनच्या टेबलावर गेलं. झोप बारा-साडेबारापर्यंत येते. धडधड आठवड्यातून एखाद्या रात्री.

उपद्व्यापी, फोन केले. आमच्या गटातले एक जण जूनमध्येच गेले, मला पत्ताच नव्हता. त्या रात्री पुन्हा तीन वाजले.

मग दीड दिवसाच्या गणपतीला सगळ्यांनी व्हिडिओ कॉलवर आरती केली. बादलीतलं विसर्जन त्यानंतर. नेटमुळे प्रत्येकाचा टाळ एकेक सेकंद मागे. मी ‘जय देव’ म्हणेपर्यंत कल्याणवाले मंत्रपुष्पांजलीला पोचले होते. माई, तुम्ही मटार कधी सोलता ते सांगा, आमच्या बायकांचाही एक ग्रुप झालाय, सव्वाआठलाच.