पावलांवर उठून दिसणाऱ्या शिरांसाठी कोणता उपचार करावा?

प्रश्न (कोथरूड)

माझे वय 49 आहे. गेली 24 वर्षे मी शाळेत शिकवते, त्यामुळे दिवसातले पाच-सहा तास उभे राहण्यातच जातात. दोन्ही पावलांच्या वरच्या भागावर हिरवट शिरा दोरीसारख्या उठून दिसतात आणि डाव्या घोट्याच्या आतल्या बाजूला, हाडाच्या खाली, जांभळ्या बारीक शिरांचे पंख्यासारखे जाळे झाले आहे. दुखत काही नाही. संध्याकाळी डावा पाय थोडा जड वाटतो आणि मोज्याच्या इलॅस्टिकचा वळ उमटतो, एवढेच.

तुळशीच्या लग्नानंतर मुलाचे लग्न आहे. विहिणीचे पाय धुण्याच्या वेळी परातीत माझी पावले सगळ्यांसमोर असतील, याचा मला खरोखर संकोच वाटतो. कोणी इंजेक्शन सुचवते, कोणी लेझर. लग्नाला तीन महिने उरले आहेत. ज्यांनी हे उपचार घेतले आहेत किंवा ज्यांना यातली माहिती आहे, त्यांनी कृपया सांगावे.

उत्तर 1 (सिंहगड रस्ता)

ताई, तुमचा संकोच मला समजतो, कारण मीही यातून गेले आहे. एका सौंदर्य चिकित्सालयात मी घोट्याजवळच्या शिरांवर इंजेक्शने घेतली. तिथे मला एकदाही उभे करून तपासले नाही आणि सोनोग्राफीचे नावही काढले नाही. शिरा गेल्या, परंतु त्यांच्या जागी चहाच्या डागासारख्या तपकिरी रेषा उमटल्या आणि त्या पुसट व्हायला जवळजवळ 14 महिने लागले. त्या काळात मी उघडी चप्पल घातली नाही. वर्षभरात शेजारीच नवे जाळे उभे राहिले. लग्न तोंडावर असताना तुम्ही ही घाई करू नये, असे मला कळकळीने वाटते.

उत्तर 2 (रक्तवाहिन्यांचा शल्यचिकित्सक, पुणे)

आपण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र विचारल्या आहेत. त्या वेगळ्या केल्याशिवाय उपचार ठरवता येणार नाही.

पावलाच्या वरच्या भागावर नीलांची, म्हणजे रक्त हृदयाकडे परत नेणाऱ्या शिरांची, एक कमान सर्वांनाच असते. तिच्या आतल्या टोकाकडून मोठी सॅफेनस नीला घोट्यासमोरून मांडीपर्यंत चढते आणि बाहेरच्या टोकाकडून लहान सॅफेनस नीला घोट्यामागून पोटरीत जाते. तिथली त्वचा मुळात पातळ असते, वयाबरोबर तिच्याखालची चरबी आणखी कमी होते आणि उकाड्यात किंवा बराच वेळ उभे राहिल्यावर या शिरा फुगतात. वेडीवाकडी वळणे नसतील, तर त्या बहुधा निरोगीच असतात. पावलातले रक्त वर नेणारी चांगली शीर केवळ दिसते म्हणून बंद करणे मला पटत नाही, आणि आग्रह झाला तरी मी शक्यतो नकारच देतो.

घोट्याजवळच्या जाळ्याचे तसे नाही. एक मिलिमीटरपेक्षा बारीक शिरांना स्पायडर व्हेन्स म्हणतात आणि मांडीवर त्या बहुतेक वेळा दिसण्यापुरताच प्रश्न असतो. परंतु घोट्याच्या आतल्या बाजूला पंख्यासारखा आकार आला असेल, तर वरच्या नीलेतल्या झडपा नीट मिटत नसल्याची शंका घ्यावी लागते. नीलांच्या आजारांच्या, 2020 साली सुधारलेल्या सीईएपी वर्गीकरणात या खुणेला साध्या स्पायडर व्हेन्सच्या गटात न ठेवता त्वचेतील बदलांच्या गटात, सी-4-सी म्हणून, स्थान दिले आहे. पाय जड होणे आणि इलॅस्टिकचा वळ उमटणे हेही त्याच दिशेला बोट दाखवते. म्हणून प्रथम कलर डॉप्लर, म्हणजे शिरांमधला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, करावे, आणि तेही उभे राहून. वरवरच्या नीलेत रक्त अर्ध्या सेकंदाहून अधिक काळ उलटे वाहत असेल, तर झडप गळते आहे असे समजतात. ती गळती वर तशीच ठेवून खालचे जाळे पुसले, तर ते पुन्हा येते. आधीच्या उत्तरातील ताईंच्या बाबतीत तसे झाले असण्याची शक्यता आहे.

आता उपचारांविषयी. बारीक शिरांसाठी स्क्लेरोथेरपी करतात: पोलिडोकॅनॉल किंवा सोडियम टेट्राडेसिल सल्फेट अतिशय बारीक सुईने शिरेत सोडले जाते, त्याने शिरेचे अस्तर चिडते, भिंती एकमेकींना चिकटतात आणि शीर हळूहळू विरते. पावलात आणि घोट्यात मात्र धमन्या व मज्जातंतू अगदी जवळ असतात. औषध चुकून धमनीत गेले तर त्वचा मरून जखम होऊ शकते. त्यामुळे हे काम अनुभवी हातानेच, कमी तीव्रतेचे औषध थोडे थोडे देऊन व्हावे. आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर डाग अधिक उठून दिसतात. लेझर घ्यायचा झाल्यास 1064 नॅनोमीटरचा एनडी-याग अशा त्वचेला तुलनेने सुरक्षित असतो, परंतु तो दुखतो. फुगीर, वेड्यावाकड्या शिरांसाठी जागा बधिर करून दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून शीर आकड्याने काढतात. उपचारानंतर दाबमोजे वापरावे लागतात. तीन महिन्यांत डाग जातीलच, असे मी सांगू शकत नाही.

उत्तर 3 (सहकारनगर)

मी रोज पर्वती चढतो. वय 58, अंगात चरबी कमी, आणि पावलांवरच्या शिरा तुमच्यासारख्याच दिसतात. डॉप्लर केले होते. झडपा उत्तम निघाल्या. मी काहीही केले नाही.

प्रश्नकर्ती (कोथरूड)

सर्वांची मी आभारी आहे. मागच्या आठवड्यात डॉप्लर केले. उजवा पाय निर्दोष आहे. डाव्या पायाच्या मोठ्या सॅफेनस नीलेत गुडघ्याच्या वर गळती सापडली. पावलांवरच्या शिरांना हात लावायचा नाही, आधी गळतीवर उपचार करायचा आणि घोट्याचे जाळे त्यानंतर पाहायचे, असे डॉक्टरांनी सांगितले. तो उपचार लग्न आटोपल्यावर पौषात करायचे ठरले आहे, कारण थंडीत मोजे दिवसभर सहन होतात. तोपर्यंत शाळेत दाबमोजे घालून उभी राहते आणि दोन तासिकांच्या मध्ये दहा मिनिटे पाय खुर्चीवर ठेवते. विहीणबाईंना मी हे सगळे आधीच सांगून टाकले. त्यांनी साडी घोट्यावर सरकवून आपला पाय पुढे केला. त्यांच्याही घोट्यावर तसेच जाळे आहे. पुढच्या सोमवारी त्यांचे डॉप्लर आहे.