घोडीसाठी कुंपण कोणतं करावं? मदत हवी आहे

मंडळी, माळेगावच्या यात्रेतून घोडी घेतलीय, गाभण आहे. लोह्याजवळ (जि. नांदेड) शेतात अर्धा एकर तिला मोकळं सोडायचंय. काटेरी तार नकोच. घोडं बुजलं की तार बघत नाही, छातीची कातडी फाटून निघते. मोठ्या चौकोनाच्या जाळीत खूर अडकतो. लोखंडी पाइप परवडत नाही. बाभळीचे खांब घरचे आहेत, पण आमची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, खांब कलतातच. किती खोल गाडू? रानडुकरांसाठी घेतलेलं सोलर झटका मशीन (कुंपणाच्या तारेत विजेचा झटका सोडणारं) आहे. बारीक तारेऐवजी त्यावर वीज वाहणारी पांढरी रुंद पट्टी साडेचार फुटांवर ओढली तर तिला दिसेल ना? मे महिन्यात माती कोरडीठाक झाल्यावर झटका बसतो का? शिंगरासाठी खालची पट्टी किती उंच ठेवू? घोडी पाळणाऱ्यांनीच सांगा, दुकानदार काहीही खपवतात.