लावलेलं जंगल : नागपूरकरांनो, तुमचे अनुभव लिहा

मंडळी, पाऊस लागला की झाडं लावायला सगळेच निघतात. मे महिन्यात तिथं परत कोण जातं? फोटो नकोत. काय जगलं, काय वाळलं ते लिहा.

सुरुवात माझी. १ जुलै २०१६ ला राज्यभर एका दिवसात दोन कोटी झाडं लावायची मोहीम होती. मी शाळेत शिकवते, पोट्ट्यांना घेऊन हिंगण्याकडच्या एका टेकडीवर गेले होते. एक जण रोपाची पिशवी काढूच देईना. "माती सांडते ना मॅडम!" शेवटी ब्लेडने पिशवी चिरली आणि मातीचा गोळा त्याच्या दोन्ही हातांत अलगद दिला, तेव्हा कुठं त्यानं श्वास सोडला. तिथला करंज आणि कडुनिंब बरे टिकलेत. मोहाचं मात्र एकही नाही.

खाप्याहून : आमच्या भागात गुमगावची मँगनीज खाण आहे. खाणीतून निघालेल्या मलब्याचे ढिगारे म्हणजे नुसते काळे दगड, गवताची काडी नाही. नीरी या नागपुरातल्या पर्यावरण संशोधन संस्थेच्या लोकांनी त्यावर साखर कारखान्यातला प्रेसमड, म्हणजे उसाच्या रसातून निघालेला गाळ टाकला, मुळांशी जिवाणू आणि बुरशीचं खत दिलं अन् झाडं लावली. बाबा हसायचे. "दगडाले खत घालून राह्यले हे!" नंतर तिथं साग, शिवण, शिसू उभे राहिले. पानगळीत सागाची पानं पायाखाली अशी कडकडतात की दबकून चालायची सोय नाही. बाबांनी शब्द मागे घेतले नाहीत, पण पाहुणे आले की तिकडंच फिरवायला न्यायचे.

मनीषनगर : सोसायटीच्या कोपऱ्यात मियावाकी केलं, म्हणजे दाटीनं रोपं लावून छोटं जंगल उभं करायची जपानी पद्धत. एका चौरस मीटरला तीन-चार रोपं, सगळी इथलीच : बेहडा, आवळा, बेल, अर्जुन. पहिली दोन-तीन वर्षं पाणी आणि निंदण सुटत नाही, उन्हाळ्यात टँकरवरून भांडणं ठरलेलीच. आता इतकं दाट झालंय की आत गेलेला बॉल पोट्टे आणत नाहीत. साप निघेल म्हणून तक्रारी येतात. येऊ द्या.

एक पक्षीमित्र : जरा वेगळं लिहितो, राग नको. मी पक्षी बघतो. शहराबाहेरच्या एका माळावर धाविक आणि चंडोल दिसायचे. दोघंही जमिनीवरच अंडी घालतात, त्यांना उघडं गवत लागतं. तिथं रांगेत गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडिया) झाडं लावली, हार-तुरे झाले, पक्षी गेले. गवताळ माळ म्हणजे पडीक जागा नव्हे हो! लावायचंच तर जिथं मुळात झाडं होती अन् तुटली, तिथं लावा.

रामटेककडून : मी रोपवाटिकेत काम करतो. मॅडम, तुमचा मोह काहून गेला सांगू? त्याचं सोटमूळ लांब. पिशवीत जास्त दिवस राहिलं की वेटोळं घालते, मग जमिनीत खाली उतरत नाही. बी वाळवून ठेवलं तरी उगवत नाही. पावसाच्या तोंडावर झाडाखालचं ताजं बी उचला अन् सरळ खड्ड्यात टोका, दोन-दोन. आणि थंडी सरताना भोवतालचं गवत कापून जाळरेषा काढा, म्हणजे आग अडवणारा मोकळा पट्टा. मोहफुलं वेचायला लोक खालचा पाचोळा पेटवतात, आग तिथूनच सरकते. बी पाहिजे असेल तर जूनमध्ये या, आमच्याकडे मोहाखाली सडा असते.