मुंबई सिटीचा हंगाम संपला. आता सांगा, आपला खरा प्रतिस्पर्धी कोण?

प्रश्न: अंधेरीकर

इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेचा २०२४-२५ चा हंगाम आपल्यापुरता २९ मार्चलाच आटोपला. बंगळुरूच्या कांतीरवा मैदानावर बाद फेरीच्या सामन्यात आपण ०-५ असे हरलो. त्यातला पाचवा गोल पेरेरा डियाझचा होता, म्हणजे ज्याने वर्षभरापूर्वी कोलकात्यातल्या अंतिम सामन्यात आपल्याला बरोबरी साधून दिली होती त्याचाच. त्याहून लागलेली गोष्ट अशी की याच मैदानावर, याच संघाला, ११ मार्चला आपण २-० असे हरवले होते आणि त्या विजयाच्या बळावरच सहावे स्थान मिळवून बाद फेरीत शिरलो होतो. अठरा दिवसांत एखादा संघ एवढा कसा बदलतो, हे त्या रात्री मला उमगले नाही. आता थोडे उमगते आहे, म्हणून हा प्रश्न मांडतो.

माझ्या मते आपला हंगाम मार्चमध्ये बिघडला नाही. तो सुरू होण्याआधीच, २०२४ च्या उन्हाळ्यात बिघडला. ४ मे २०२४ रोजी कोलकात्यातल्या सॉल्ट लेक मैदानावर साठ हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर आपण तिथल्याच मोहन बागानला ३-१ असे नमवून करंडक जिंकला. त्यानंतर काही आठवड्यांतच कर्णधार राहुल भेके, डियाझ आणि नोगुएरा असे तिघे बंगळुरूला गेले आणि मधल्या फळीचा कणा असलेला अपुया थेट मोहन बागानकडे गेला. विजेत्या संघातले खेळाडू महाग होतात, हे मला समजते. परंतु चार खांब काढल्यावर छप्पर जागेवर राहील अशी अपेक्षा प्रशिक्षक पेत्र क्रात्की यांच्याकडून धरणे अन्यायाचे होते. आधीच्या हंगामात २२ सामन्यांत ४७ गुण होते. या हंगामात २४ सामन्यांत ३६. बरोबरीत सुटलेले सामने तब्बल नऊ. हातात आलेला सामना शेवटपर्यंत धरून ठेवणारे कोणी मैदानात उरले नव्हते, असाच या आकड्याचा अर्थ मी लावतो.

आता मूळ प्रश्न. आपल्या प्रेक्षकांत मोहन बागानला पहिला प्रतिस्पर्धी मानण्याची रीत पडली आहे, आणि तिला कारणेही आहेत. २०२०-२१ मध्ये साखळीत अव्वल येणाऱ्याला मिळणारी शील्ड आणि बाद फेऱ्यांनंतरचा अंतिम सामना जिंकणाऱ्याचा करंडक ही दोन्ही विजेतेपदे आपण त्यांच्याकडूनच हिसकावली. २० डिसेंबर २०२३ चा अंधेरीतला सामना तर कोण विसरेल? आपण २-१ असे जिंकलो, पण पंचांनी सात लाल कार्डे दाखवली, चार आपल्याला आणि तीन त्यांना. पुढे १५ एप्रिल २०२४ रोजी आपल्याला शील्डसाठी केवळ बरोबरी पुरेशी असताना त्यांनी २-१ असे हरवून एका गुणाच्या फरकाने ती नेली, आणि एकोणीस दिवसांनी आपण त्याच मैदानावरून करंडक आणला. तरीही मला वाटते की खरे वैर गोव्याशी आहे. जुन्या सदस्यांचे मत काय?

उत्तर १: फातोर्ड्याचा पायरीकर

अंधेरीकर, मी फोंड्याचा. आमच्या घरी फुटबॉलवरची भांडणे कोंकणीत होतात आणि ती मिटवण्यासाठी मराठी वापरली जाते. तेव्हा हे उत्तर शांतपणे लिहितो आहे, याची नोंद घ्यावी.

खेळाडू गेल्याचे तुमचे दुःख वाचून मला सहानुभूती वाटली, पण थोडे हसूही आले. २०२० मध्ये आमच्या एफसी गोवाने पहिली लीग शील्ड जिंकली. ती जिंकून देणारी घडी प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांनी बसवली होती, जरी साखळीचे तीन सामने बाकी असताना व्यवस्थापनाने त्यांना दूर केले होते. त्याच वर्षी तुमच्या मालकांनी लोबेरांना नेले. त्यांच्यामागोमाग अहमद जाहू, ह्यूगो बूमूस आणि मुर्तादा फॉल हे परदेशी त्रिकूट गेले आणि आमचा मंदार राव देसाईसुद्धा गेला. परदेशी खेळाडू आज इथे, उद्या तिथे, हे मान्य. मंदार गेला ते मात्र घरातले माणूस गेल्यासारखे होते. मग उपांत्य फेरीत तुम्ही आम्हाला पेनल्टीवर हरवले आणि १३ मार्च २०२१ रोजी करंडक उचलला, तोही आमच्याच फातोर्ड्याच्या मैदानावर. कोरोनामुळे मैदान रिकामे होते, एवढीच काय ती देवाची कृपा.

तुम्हाला वैर गोव्याशी आहे असे वाटते, याचे म्हणूनच मला नवल वाटत नाही. पण ते दोन्ही बाजूंनी सारखे नाही. नोव्हेंबर २०१५ मध्ये आम्ही तुम्हाला ७-० असे धुतले तेव्हा ती नुसती मौज होती. मार्च २०१९ च्या उपांत्य फेरीत अंधेरीत येऊन ५-१ असे हरवले आणि दोन्ही सामन्यांची बेरीज ५-२ झाली, तेव्हासुद्धा मनात राग नव्हता. वैर त्यानंतरचे आहे.

आणि २४ एप्रिल २०२४ चा फातोर्ड्यातला उपांत्य सामना! मी त्या रात्री पायऱ्यांवर होतो. बोरिस आणि ब्रँडन यांच्या गोलांनी आम्ही २-० असे पुढे होतो, नव्वदावे मिनिट लागले होते, माझ्या शेजारचे काका गाडी काढायला निघाले होते. त्यानंतरच्या सहा-सात मिनिटांत तुमच्या छांगतेचे दोन आणि विक्रम प्रतापचा एक असे तीन गोल झाले. काका पार्किंगमध्ये पोहोचले तेव्हा त्यांच्या मते आम्ही जिंकलेलो होतो, आणि मी त्यांना फोन करण्याचे धाडस केले नाही. परतीच्या सामन्यात तुम्ही २-० असे जिंकलात. बेरीज पुन्हा ५-२, फक्त उलटी. एवढ्यावर थांबला असतात तरी चालले असते, पण काही आठवड्यांत तुम्ही ब्रँडन फर्नांडिसलाच घेऊन गेलात. मडगावचा मुलगा, आमचा कर्णधार.

त्यामुळे अपुया गेला म्हणून दुःख करताना एकदा दक्षिणेकडे पाहावे. या हंगामात आम्ही ४८ गुणांसह दुसरे आलो आणि सुपर कपही जिंकला. लीगचा करंडक मात्र आमच्या नशिबी अजून नाही, आणि २०१९ चा अंतिम सामना अतिरिक्त वेळेतल्या ज्या गोलाने आमच्या हातून गेला, तो बंगळुरूकडून खेळणाऱ्या तुमच्या मुंबईकर राहुल भेकेचा होता, मैदानही तुमचे अंधेरीचेच. तुमचा हिशोब आमच्याकडे असा जुना आहे.

उत्तर २: पेठेतला प्रेक्षक

मी कोल्हापूरचा असल्याने दोघांचेही बोलणे मला जरा परके वाटते. आमच्याकडे पाटाकडील, खंडोबा, दिलबहार ही तालमींची नावे आहेत आणि संघ त्या नावाने खेळतो. शाहू स्टेडियमवर कोण कुठल्या बाजूला बसणार हे जन्मानेच ठरते. बाहेरचे खेळाडू आमच्याकडेही येतात, अगदी आफ्रिकेतूनही आले आहेत, आणि पेठेतला पोरगा नोंदणीच्या वेळी समोरच्या तालमीत गेला तर त्याच्याशी गल्लीत बरेच दिवस कोणी धड बोलत नाही. पण तालीम जागची हलत नाही, म्हणून वैरही हलत नाही.

मुंबई सिटीची स्थापना २०१४ ची, आणि २०१९ पासून २०२५ पर्यंत त्यातला मोठा हिस्सा मँचेस्टर सिटीच्या मालक समूहाकडे होता. अशा संघाचे प्रतिस्पर्धी दर दोन वर्षांनी बदलणारच, कारण संघच बदलतो. मोहन बागान १८८९ चा. त्यांच्या लेखी खरा प्रतिस्पर्धी ईस्ट बंगाल, आणि तो शंभर वर्षे बदललेला नाही. तुम्ही त्यांना वैरी म्हणता; ते तुम्हाला तसे म्हणतात का, हे एकदा कोलकात्याच्या प्रेक्षकाला विचारून पाहावे. अंधेरीकरांना दुखावण्याचा हेतू नाही, परंतु एकतर्फी वैर हे एकतर्फी प्रेमाइतकेच अवघड असते.

उत्तर ३: अंधेरीकर

पेठेतल्या प्रेक्षकांचा मुद्दा बोचला, पण पूर्ण पटला नाही. कोलकात्याचा प्रेक्षक आम्हाला ईस्ट बंगालच्या जागी बसवणार नाही, हे उघड आहे. तथापि शील्डच्या त्या रात्री सॉल्ट लेकवर जो जल्लोष झाला, तो कुठल्याही सामान्य पाहुण्या संघाला हरवल्याचा नव्हता. शिवाय वय कमी असले म्हणून आठवण उथळ असते असे नाही. माझ्या मुलीने पाहिलेला पहिला सामना २०२२-२३ चा, जेव्हा आपण सलग अठरा सामने अपराजित राहून शील्ड जिंकलो. तिच्या दृष्टीने हा संघ कायमचाच आहे.

फातोर्ड्याच्या पायरीकरांना मात्र मी उत्तर देऊ शकत नाही. लोबेरा आणि मंदार यांची गोष्ट मी इतकी वर्षे आमच्या व्यवस्थापनाची हुशारी म्हणून सांगत आलो. अपुयाने ७ एप्रिलला उपांत्य सामन्यात जमशेदपूरविरुद्ध भरपाई वेळेत दुरून गोल मारून मोहन बागानला अंतिम फेरीत नेले, तेव्हा तीच हुशारी दुसऱ्या बाजूने कशी दिसते ते मला कळले. टीव्ही बंद करून मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

उत्तर ४: जुना सभासद

या चर्चेत एक गोष्ट राहून गेली आहे, ती म्हणजे मैदान. अंधेरीच्या फुटबॉल अरेनात जेमतेम सात-आठ हजार माणसे बसतात. मेट्रो आहे, रेल्वे स्थानक फार लांब नाही, तरी कामाच्या दिवशीच्या सामन्याला निम्म्या खुर्च्या रिकाम्या दिसतात. उलट मोहन बागान किंवा केरळ ब्लास्टर्स आले की पाहुण्यांचे समर्थक आपल्यापेक्षा जास्त आवाज करतात. पाहुण्यांच्या गोलावर आपलेच मैदान दणाणते तेव्हा वैर कोणाशी हा प्रश्न मला गौण वाटतो. आधी आपले किती जण आहेत, हे मोजावे.

हंगामाबद्दल अंधेरीकरांशी मी अंशतःच सहमत आहे. खांब काढले हे खरे. परंतु १३ सप्टेंबरला पहिल्याच सामन्यात सॉल्ट लेकवर ०-२ अशा पिछाडीवरून आपण २-२ अशी बरोबरी साधली होती, आणि ते दोन्ही गोल तिरी आणि क्रौमा या बचावफळीतल्या खेळाडूंनी केले होते. म्हणजे जिद्द होती. कमतरता गोलची होती. पूर्ण साखळीत २९ गोल, आणि आधीच्या हंगामात त्याहून दोन सामने कमी खेळून ४२. डियाझच्या जागी कॅरेलिस आला, तो वाईट नव्हता, पण छांगतेच्या धावेला वेळेवर चेंडू पुरवणारे मधल्या फळीतले पाय, नोगुएरा आणि अपुया, परत मिळाले नाहीत. ब्रँडन त्यासाठीच आणला होता. त्याच्याकडून अपेक्षेइतके झाले नाही, असे म्हणताना फोंड्याच्या मित्राची क्षमा मागतो.

उत्तर ५: फातोर्ड्याचा पायरीकर

क्षमा मंजूर. तुमच्याकडे त्याला आवश्यक तेवढी जागा मिळत नसेल तर परत पाठवा, आम्ही वाहतुकीचा खर्च देऊ. पुढच्या वेळी तुम्ही फातोर्ड्याला याल तेव्हा शेजारच्या काकांची ओळख करून देईन. ते आता शेवटची शिट्टी वाजेपर्यंत जागेवरून उठत नाहीत.