१३ माणसं, ग्रेट ओशन रोड: बारा सीटर की दोन गाड्या?

अनघा | सोमवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी,

घाईत लिहितेय, गाडी या आठवड्यात बुक केली नाही तर ख्रिसमसला मग काहीच हाताला लागणार नाही. आई-बाबा आणि सासूबाई आलेच आहेत, दादा-वहिनी दोन्ही मुलांना घेऊन २० तारखेला येतायत आणि न्यू जर्सीचे आमचे मित्र, म्हणजे गेल्या वेळी गणपतीला ज्यांनी आरती सांगितली तेच, तीन वर्षांच्या लेकीबरोबर २३ला. बाबांना बॉक्सिंग डेला, म्हणजे २६ला, मेलबर्नच्या एमसीजी मैदानावर टेस्ट दाखवायची आणि २७ला सकाळी निघायचं. अपोलो बे, पोर्ट कॅम्पबेल, वॉरनांबूल, माउंट गॅम्बियर करत ॲडलेड, आणि गाडीनेच परत.

आमचं दहा महिन्यांचं बाळ धरून १३ जण. बारा सीटर अधिक आमची छोटी गाडी, की दोन कार्निव्हल (आठ सीटर गाड्या), की १४ सीटर मिनीबस? वसंतकाका, पिकनिकची बस तुम्हीच चालवता, तुम्ही सांगा.

आणि मंडळाचा मोठा एस्की (खाणं थंड ठेवायची पेटी) सध्या कोणाकडे आहे?

अनघा

---

वसंतकाका | मंगळवार, सकाळी ६.१५

अनघा,

बारा सीटर आणि तुमची गाडी. एलआर, म्हणजे छोट्या बसच्या लायसन्सची भीती नको, आपल्या व्हिक्टोरियात चालकासकट १२ सीट आणि साडेचार टनांच्या आतली गाडी साध्या कार लायसन्सवर चालवता येते, हायएस व्हॅन त्यात बसते. तेरावी सीट आली की एलआर लागतं. म्हणून १४ सीटरचा विचार सोड, माझ्याकडे एलआर आहे पण ३०ला लेक पर्थहून येतेय, मला ॲडलेडपर्यंत जमणार नाही.

दोन कार्निव्हल का नको ते सांगतो. तुझे आई-बाबा नुसता समुद्र बघायला आलेले नाहीत, तुमच्यात बसायला आलेत. एका गाडीत मुलं, एका गाडीत म्हातारे अशी विभागणी आपोआप होते, मी कितीदा पाहिलंय, आणि मग संध्याकाळी हॉटेलवर एकमेकांना "तुम्ही काय पाहिलंत" असं विचारायची वेळ येते. व्हॅनमध्ये मागच्या सीटवरून डबा पुढे येतो, आजी गोष्ट सांगते ती सगळे ऐकतात. त्यासाठीच तर माणसं एवढ्या लांबून येतात.

वसंतकाका

---

प्रसाद | मंगळवार, सकाळी ९.०५

काका, तुमचं म्हणणं मनापासून पटतं, पण सामान कुठे ठेवायचं? बारा सीटरमध्ये बाराही सीट भरल्या की शेवटच्या रांगेच्या मागे दोन-तीन बॅगा कशाबशा बसतात. इथे १३ जणांच्या आठवड्याच्या बॅगा, बाळाची प्रॅम, अनघाच्या सासूबाईंचा वॉकर आणि वर एस्की. छोट्या गाडीची डिकी किती पुरणार? भाड्याच्या गाडीला ट्रेलर लावायला बहुतेक ठिकाणी परवानगी नसते.

दुसरं, आणि हे जास्त महत्त्वाचं, कार सीट. दहा महिने, तीन वर्षं, आणि दादाचा धाकटा पाच वर्षांचा ना? म्हणजे तीन सीट. सात वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला वयाप्रमाणे सीट किंवा बूस्टर लागतो आणि चार वर्षांखालच्याला पुढे बसवता येत नाही. व्हॅनमध्ये प्रत्येक सीटमागे पट्टा अडकवायचा हूक असेलच असं नाही. कुठल्या रांगेत किती हूक आहेत हे बुकिंगच्या आधी फोनवर विचारून घे, काउंटरवर गेल्यावर कळलं तर २७ तारखेला दुसरी गाडी कुठून आणणार? कार्निव्हल आठ सीटर आहे, दोन मिळून १६ जागा, आठही सीट वर असताना मागे चांगली खोल डिकी मिळते.

हॉल्स गॅपला काय झालं ते सगळ्यांना आठवतंय.

प्रसाद

---

वसंतकाका | मंगळवार, सकाळी ९.३०

> हॉल्स गॅपला काय झालं ते सगळ्यांना आठवतंय.

हॉल्स गॅपच्या त्या ट्रिपला व्हॅनचा काही दोष नव्हता. निघायची वेळ सातची ठरली होती, शेवटचं कुटुंब साडेनऊला आलं, त्यात बॅगा वाढल्या. गाडी मी व्यवस्थित नेली आणि व्यवस्थित आणली.

वसंतकाका

---

रोहिणी | मंगळवार, दुपारी १.२०

अनघा, गाडी कुठलीही घे, आधी कोणाला गाडी लागते त्यांची यादी कर. अँगलसी सोडलं की लॉर्न, केनेट रिव्हर, अपोलो बे असा सगळा रस्ता समुद्राला चिकटून वळणावळणाचा, म्हणजे ताम्हिणी घाट संपतच नाही असं समजा. माझ्या आईला आम्ही मागच्या रांगेत बसवलं नाही, तरी लॉर्न येईपर्यंत तिचा चेहरा पांढरा झाला होता. पुण्याहून ॲव्होमिन आणायला सांग, पण बीपीच्या गोळ्या चालू असतील तर तिकडच्या डॉक्टरांना विचारूनच. व्हॅनची शेवटची रांग चाकाच्या मागे येते, तिथे हेलकावे सगळ्यात जास्त बसतात, त्यामुळे १२ सीटरमधल्या शेवटच्या सीट मोठ्या माणसांसाठी नाहीतच असं धर.

आणि त्या रस्त्यावर मागे गाड्यांची रांग लागली की "स्लो व्हेइकल टर्नआउट"ची पाटी बघून बाजूला घ्यायचं आणि त्यांना जाऊ द्यायचं. ज्याने मोठी व्हॅन कधी चालवली नाही त्याला मागच्यांचं टेन्शन येतं आणि मग तो वळणं घाईत घेतो, आणि मागे बसलेल्यांचे हाल होतात.

माझं मत विचारशील तर ज्येष्ठांना कोलॅकवरून आतल्या रस्त्याने सरळ पोर्ट कॅम्पबेलला न्या, रस्ता बराच सरळ आहे.

रोहिणी

---

वसंतकाका | मंगळवार, दुपारी २.००

रोहिणी, कोलॅकवरून जायचं तर मग ग्रेट ओशन रोडला जायचं कशाला! तो २४३ किलोमीटरचा रस्ता पहिल्या महायुद्धातून परत आलेल्या सैनिकांनी १९१९ ते १९३२ मध्ये कुदळ-फावड्यांनी खणून काढला, आपल्या गेलेल्या साथीदारांचं स्मारक म्हणून. अनघाचे बाबा इतिहासाचे मास्तर होते, ईस्टर्न व्ह्यूच्या कमानीखाली त्यांना उतरवून हे सांगितलं नाही तर काय उपयोग. सावकाश जा, तासाला थांबा, पण किनाऱ्यानेच जा.

---

मेधाताई | मंगळवार, संध्याकाळी ७.१०

सर्वांना नमस्कार,

एस्कीबद्दल. मंडळाचं सामान खासगी ट्रिपला द्यायचं की नाही याबद्दल एजीएममध्ये ठरलंय, आधी कमिटीला ईमेल, मग नोंद, मग सामान. अनघा, तुला नाही म्हणत नाहीये, तू दरवर्षी संक्रांतीचे तिळगूळ करतेस हे सगळ्यांना माहितीये, पण लिस्टवर "कोणाकडे आहे" विचारून परस्पर उचलायची पद्धत पडली तर मला हिशोब ठेवता येत नाही. कोजागिरीच्या मसाला दुधाची दोन पातेली अजून परत आलेली नाहीत. ज्यांच्याकडे असतील त्यांनी कृपया कळवावं.

मेधा

---

सचिन | मंगळवार, रात्री ८.४५

मेधाताई, एस्की माझ्या गॅरेजमध्ये आहे, धुऊन ठेवलाय. पातेली माझ्याकडे नाहीत.

अनघा, आई-बाबांचा इन्शुरन्स झालाय ना? भारतातून आलेल्या व्हिजिटरना इथे मेडिकेअर (सरकारी आरोग्य विमा) मिळत नाही, आणि शहराबाहेर काही झालं तर ॲम्ब्युलन्सचं बिलसुद्धा लांबलचक येतं.

आणि काकांच्या मुद्द्यावर. दोन गाड्या घेतल्या तरी माणसं तुटत नाहीत, दोन हँडहेल्ड यूएचएफ रेडिओ (वॉकी-टॉकी) घ्या, एक-एक गाडीत. लायसन्स लागत नाही, कॅम्पिंगच्या दुकानात मिळतात. ऑटवेच्या जंगलात मोबाइलची रेंज जाते येते, तिथे हेच कामाला येतं. फक्त ५ आणि ३५ हे चॅनल इमर्जन्सीचे, ते सोडायचे, आणि ४०वर हायवेचे ट्रकवाले बोलतात, तेही सोडायचं. आम्ही भावाच्या कुटुंबाबरोबर गेलो होतो तेव्हा मुलांनी दोन गाड्यांत मिळून भेंड्या खेळल्या, ध म्हटलं की पलीकडून ध वरचं गाणं. आईने रेडिओ हातातून सोडलाच नाही.

सचिन

---

अनघा | मंगळवार, रात्री ११.१५

सगळ्यांचे आभार. मेधाताई, कमिटीला ईमेल केलाय.

बाबा आत्ताच हे सगळं वाचत होते, म्हणाले बाळ मांडीवर घेतलं तर १२ सीटर पुरेल, दुसरी गाडी कशाला. त्यांना मी समजावते. पण एक विचारायचंय, न्यू जर्सीवाले त्यांच्या लेकीची कार सीट विमानातून आणतायत, महागातली आहे, तिकडे पास झालेली. ती चालेल ना? म्हणजे एक सीट कमी भाड्याने घ्यावी लागेल.

---

प्रसाद | बुधवार, सकाळी ७.५०

नाही चालणार. इथे ऑस्ट्रेलियन स्टँडर्डचा, एएस/एनझेडएस १७५४ चा शिक्का असलेलीच सीट कायदेशीर. अमेरिकेतली कितीही चांगली असली तरी तिला तो शिक्का नसतो, आणि इथल्या सीटना मागच्या बाजूने वरचा पट्टा हुकाला अडकवावाच लागतो. त्यांना आजच फोन कर, नाहीतर एवढं ओझं आणतील आणि गॅरेजमध्ये पडेल. आमची धाकटी मोठी झाली, तिची सीट कपाटात आहे, शिक्क्यावरची तारीख बघतो आणि देतो. कधीच अपघातात सापडलेली नाही, तशी खात्री नसेल तर कोणाचीही जुनी सीट घेऊ नये.

तुझ्या बाबांना सांग, बाळालाही स्वतःची जागा आणि स्वतःचा पट्टा हवाच. मांडीवर घेतलं तर जबाबदारी गाडी चालवणाऱ्याची, दंड आणि लायसन्सवर ३ डिमेरिट पॉइंट. आणि दंडाचं सोड, ब्रेक जोरात लागला तर कोणाच्याही हातात बाळ राहत नाही.

तुझा दादा चालवणार असेल तर पुण्याच्या आरटीओतून इंटरनॅशनल परमिट आणायला सांग. त्याचं लायसन्स इंग्रजीत असलं तरी भाड्याचे काउंटर कधी कधी परमिट मागतात, तेव्हा वाद घालण्यात सकाळ जाते.

---

नीलिमा | बुधवार, दुपारी १२.३०

मी पूर्वी ॲडलेडला होते म्हणून सांगते, इथे कोणी लिहिलं नाही. साउथ ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत फळं आणि ताज्या भाज्या नेता येत नाहीत, फळमाशीमुळे. माउंट गॅम्बियरच्या आधी रस्त्याकडेला ते टाकायच्या पेट्या लागतात, सापडलं तर दंड होतो. सासूबाईंची केळी, मुलांची सफरचंदं, शेंगदाण्याच्या कोशिंबिरीसाठी घेतलेली काकडी, सगळं वॉरनांबूललाच संपवा. पोळ्या, थालीपीठ, चिवडा, लाडू याला काही अडचण नाही.

घड्याळ अर्धा तास मागे जातं, मोटेलला फोन करताना लक्षात ठेव. माउंट गॅम्बियरचा ब्लू लेक नोव्हेंबर ते मार्च एकदम निळाशार असतो, तुम्ही अगदी बरोबर वेळेला जाताय. तिथली सिंकहोलची (जमीन खचून झालेल्या खड्ड्यातली) बाग संध्याकाळी बघा, अंधार पडला की पॉसम (झाडांवर राहणारे छोटे प्राणी) बाहेर येतात, मुलांना सोडवत नाही तिथून. पण मग रात्री गाडी चालवू नका, कांगारू तिन्हीसांजेला आणि पहाटे रस्त्यावर येतात.

वाटेत पार्कमधल्या इलेक्ट्रिक बार्बेक्यूवर थालीपीठ मस्त होतं. तव्यावर आधी कोणी काय भाजलंय ते सांगता येत नाही, म्हणून दुहेरी फॉइल पसरा, कडा वर दुमडा, तेल सोडा, थालीपीठ फॉइलवरच थापा आणि मध्ये भोक पाडा. पहिलं चिकटतं, दुसऱ्यापासून सुटतं. टोटल फायर बॅनचा (उघड्यावर आग पेटवायला बंदीचा) दिवस असेल तर आधी नियम बघा.

नीलिमा

---

रोहिणी | बुधवार, दुपारी १.१५

नीलिमा, फॉइलऐवजी बेकिंग पेपर लावला तर चिकटत नाही.

---

नीलिमा | बुधवार, दुपारी १.४०

बेकिंग पेपर कडेने करपतो रोहिणी, सोबत मुलं असली की मी नाही लावत.

---

वसंतकाका | बुधवार, संध्याकाळी ६.००

अनघा,

तीन कार सीट असतील तर प्रसादचं म्हणणं मला मान्य, दोन गाड्या घे. पण माझी एक अट आहे. रोज निघताना माणसं बदला. एक दिवस आजी मुलांच्या गाडीत, दुसऱ्या दिवशी बाबा. एकदा बसलेली जागा माणूस सोडत नाही, त्यामुळे आदल्या रात्रीच सांगून ठेव.

ट्वेल्व्ह अपॉसल्सला, म्हणजे समुद्रातले ते दगडी सुळके बघायला, सासूबाईंना वॉकर घेऊन जाता येईल, गाडीतळापासून रस्त्याखालून वाट जाते आणि वर बघायच्या जागेपर्यंत पायऱ्यांची गरज पडत नाही. गिब्सन स्टेप्स मात्र ८६ पायऱ्या, त्या नकोत, तरुण मंडळींनी जावं. मुलं विचारतील बारा कुठे आहेत, तर सांग की बारा कधीच नव्हते, एक २००५ला कोसळला, आता आठ आहेत.

लॉक आर्ड गॉर्ज अजिबात चुकवू नका. १ जून १८७८ला लॉक आर्ड जहाज तिथे फुटलं, ५४ जणांतली दोनच वाचली, टॉम पिअर्स आणि ईव्हा कारमायकल, दोघंही १८-१९ वर्षांची. टॉमने तिला लाटांतून ओढून किनाऱ्याला आणलं आणि मग कडा चढून मदत आणायला गेला. तिथली कमान २००९ला पडली, तिचे जे दोन सुळके उरले त्यांना आता टॉम आणि ईव्हा म्हणतात. हे वाळूवर उभं राहून दादाच्या थोरल्याला सांग, नऊ वर्षांचा आहे, आयुष्यभर विसरणार नाही. सासूबाईंना वरूनही घळ दिसते.

माझ्याकडे यूएचएफची जोडी आहे, चार्ज करून ठेवतो.

वसंतकाका

---

मेधाताई | बुधवार, रात्री ९.००

अनघा, कमिटीची मंजुरी आहे, नोंद केली. ५ जानेवारीपर्यंत एस्की परत यावा, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला लागणार आहे.

पातेली अजूनही आलेली नाहीत.

मेधा

---

अनघा | गुरुवार, सकाळी ८.२०

दोन कार्निव्हल बुक झाल्या, आता ॲडलेडला जाऊन परत इथेच सोडायच्या. हूक दोन्ही गाड्यांचे फोनवर विचारून घेतले. पहिल्या दिवशी एका गाडीत मी, बाळ, आई, सासूबाई, वहिनी आणि धाकटा, चालवणार माझा नवरा. दुसरीत दादा, बाबा, थोरला आणि न्यू जर्सीचे तिघं, त्या गाडीत दादा आणि आमचा मित्र आलटून-पालटून चालवतील. रोहिणी, आई मधल्या रांगेत खिडकीशी. लॉर्नला जेवायला थांबू तेव्हाच पहिली अदलाबदल. न्यू जर्सीवाल्यांनी सीट आणायचं रद्द केलं.

प्रसाद, तारीख बघितलीस का? ती सीट नसेल जमत तर शनिवारीच विकत घेते.

काका, रेडिओ न्यायला शुक्रवारी येते, बाबांनाही आणते, त्यांना त्या सैनिकांच्या रस्त्याबद्दल तुमच्याशी बोलायचंय. सचिन, एस्की शनिवारी सकाळी दहाला. मेधाताई, एक पातेलं सासूबाईंना आमच्या लाँड्रीत सापडलं, तेही घेऊन येते.

अनघा